खारूच्या चित्रातला पाऊस

"मी चार माणसांना आजारी पाडलंय का, एवढं शोधून द्या."

हे एका दमात बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण अजून दाराबाहेरच आहोत आणि साधा नमस्कारही केलेला नाही.

दार उघडणाऱ्या साठीच्या बाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आत या. असले कबुलीजबाब उंबऱ्यावर देऊ नयेत. शेजाऱ्यांचे कान लांब आहेत."

या चिमटाबाई. उभी हयात पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत गेली, आणि निवृत्तीनंतर खाजगी तपास सुरू केला. हरवलेली माणसं, खोटे विमे, पळवलेली मृत्युपत्रं. एकदा धरलं की सोडत नाहीत, म्हणून हे नाव. खोलीत दोन खुर्च्या होत्या; एकीवर जुन्या वर्तमानपत्रांची चळत. ती उचलून त्यांनी पाहुणीला बसवलं आणि घरातला एकुलता एक कप तिच्यापुढे केला. स्वतः वाटीत चहा ओतून घेतला.

"आता सुरुवातीपासून. रडायचं असेल तर आधी रडून घ्या, मध्येच नको. धागा तुटतो."

ती रडली नाही. पाच दिवसांत ते पाणी आटलं होतं. हॉस्पिटलात तिला सगळे 'खारूची आई' म्हणत. चाळीस दिवसांत आपलं दुसरं नाव तिला स्वतःलाच परकं वाटू लागलं होतं. खारू सहा वर्षांची. घास गालात साठवून ठेवायची, म्हणून खारू. तिला रक्ताचा कॅन्सर. खारूचे बाबा जहाजावर. फोन लागला तर लागला.

"औषधांनी तिच्या पांढऱ्या पेशी पार संपल्यात," ती म्हणाली. "म्हणजे पहारेकरीच नाहीत. साधा जंतूसुद्धा जीव घेऊ शकतो. म्हणून वॉर्डात सहा वेगळ्या खोल्या. काचेची खिडकी, बाहेरून बोलायला फोन, आत फक्त एक माणूस."

"आणि जंतू शिरलाच."

"चार खोल्यांत. एकच जंतू, आणि कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देणारा. आधी दोन नंबरचे बसचालक. मग तीन नंबरचे शिंपीकाका, पाच नंबरची कॉलेजातली मुलगी. आणि आता चार नंबर. माझी खारू." तिने कप खाली ठेवला. "बसचालक गेले. बाकी दोघांचा ताप हळूहळू उतरतोय. खारूसाठी एकच औषध उरलंय, आणि तेही जंतूवर अर्धंमुर्धंच चालतं."

"मग यात तुम्ही कुठे आलात?"

"खारू चित्रं काढते. मी ती वाटायचे. दोन नंबरला, तीनला, पाचला. तेवढंच त्यांना बरं वाटायचं हो! मोठ्या सिस्टरांनी अहवालात लिहिलंय, 'मुलीची आई खोल्याखोल्यांतून चित्रं वाटत फिरली, आजार वाटत फिरली.' आणि खारूच्या एका चित्रावर लॅबला तोच जंतू सापडला. पाच दिवस झाले, मला आत सोडत नाहीत. आज चारला समिती बसणार आहे. उपचार संपेपर्यंत मला बंदी, म्हणजे चार-पाच महिने. आणि खारूला हलवणार दोन नंबरमध्ये. ती खोली धुऊन ठेवलीय."

"तुम्हाला काय वाटतं? तुम्हीच आणलात?"

खारूची आई कपातल्या चहाकडे बघत राहिली. रोज बसने यायची ती. दांड्याला हात लागायचा. कितीदा धुतले हात? पुरेसे धुतले?

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर आले."

चिमटाबाई उठल्या. "चला. पण मी सांगितल्याशिवाय कुणाला माफी मागायची नाही. तुम्ही त्यातल्या दिसता."

*

मोठ्या डॉक्टरांनी परवानगी दिली, ती उपकार म्हणून नव्हे. बसचालक गेल्यापासून त्यांचीही झोप उडाली होती. "चारपर्यंत काय ते बघा," एवढंच ते म्हणाले.

लॅबवाले कानाला खांद्याने फोन धरून, एका हाताने काचेच्या बशा लावत होते.

"सगळं तपासलंय. सगळ्यांचे हात, दाराच्या मुठी, पलंग. नळाचं पाणी तर तीनदा. एकदम स्वच्छ! तुम्ही-आम्ही पितो त्याहून स्वच्छ."

"आणि चित्रं?"

"चार होती. दोन, तीन आणि पाच नंबरमधून आणलेली तिन्ही स्वच्छ निघाली. चौथ्यावर मात्र भरपूर जंतू. ते मुलीच्याच खोलीत वाळत टांगलं होतं."

"म्हणजे ते कुठल्याच खोलीत गेलेलं नव्हतं."

"नाही. पण म्हणून काय झालं? जंतू त्या मायलेकींकडून आलेत एवढं तर सिद्ध होतंच ना?"

चिमटाबाईंनी हात पुढे केला. "ते चित्र आहे?"

प्लास्टिकच्या पिशवीत ते होतं. पिवळं घर, जांभळा सूर्य, दारात खार. घराच्या खालच्या अर्ध्या भागात मात्र रंग गोल गोल विरघळले होते, जणू कुणी ओल्या बोटांनी टिचक्या मारल्या होत्या.

"हे तिनं काढलंय?" चिमटाबाईंनी विचारलं.

"ते माझ्यामुळे झालंय," खारूची आई पुटपुटली. "ती झोपली की मी रडायचे. थेंब पडले असतील. ती रागावली होती माझ्यावर. 'आई, माझ्या चित्रात पाऊस पडलाय, मी नव्हता काढला,' म्हणाली."

"तुम्ही कुठे बसून रडायचात?"

"तिच्या पायाशी, खुर्चीत."

"आणि चित्र कुठे टांगलं होतं?"

"बेसिनच्या बाजूच्या खिळ्याला. आधी आम्ही खिडकीत वाळवायचो. मग मोठ्या सिस्टरांनी खिडकीत काही ठेवायचं नाही असा नियम काढला."

"छान रडता. खुर्चीतून थेट भिंतीपर्यंत!"

खारूच्या आईला हे बोलणं लागलं. टोमणा कशाबद्दल होता, ते तिला कळलं नाही.

*

सफाईकाका वॉर्डाच्या टोकाला बादली पिळत होते. खारूच्या आईला बघून त्यांनी मान खाली घातली, आणि मग न राहवून विचारलं, "पोरगी काय म्हणते, ताई?"

पाच दिवसांत तिला हे विचारणारे ते पहिलेच.

"काका, तुम्ही दुसऱ्या वॉर्डातही काम करता?" चिमटाबाईंनी विचारलं.

"नाही हो, मला इथंच बांधलंय. माझ्यावर संशय असला तर माझं फडकं तपासा, बादली तपासा. लॅबवाल्यांनी तपासलीत तीन वेळा. काम मात्र वाढलंय. ते नवे उंच मानेचे नळ बसवल्यापासून आरसे पुसून पुसून खांदा गेला. धुतात हात, आणि आंघोळ आरशाला. एक सुख आहे, कचरा सुका झालाय. पूर्वी सलाईनच्या अर्ध्या बाटल्या, औषधाच्या पिशव्या तशाच टाकायच्या. गळायच्या, फरशी चिकट, मुंग्या. मी हात जोडले. आता सिस्टर लोक रिकाम्या करून टाकतात. भलं होवो त्यांचं."

"नळ कधी बसवले?"

"खारू आली ना, त्याच आठवड्यात."

चिमटाबाईंनी खारूच्या आईकडे वळून विचारलं, "बसचालकांना ताप कधी आला?"

"आम्ही आल्यावर दहा-बारा दिवसांनी." आणि मग तिचा आवाज खाली गेला. "आम्ही आल्यावरच. बघा ना."

"बघतेय. तुमच्याबरोबर अजून कोण आलं, तेही बघतेय."

*

सहापैकी दोनच खोल्या सुटल्या होत्या, पहिली आणि शेवटची.

पहिल्या खोलीत घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा होते. काचेपलीकडून त्यांनी फोन उचलला आणि आधी मनगटावर टिचकी मारून दाखवली. "दीड तास झाला, कुणी बोललेलं नाही माझ्याशी. विचारा, काय वाट्टेल ते विचारा."

"तुम्ही नियम पाळता का, आजोबा?"

"अजिबात नाही! तो बघा." भिंतीवर सुवाच्य अक्षरात चौदा नियमांचा कागद होता. चारही कोपऱ्यांना सारखी चिकटपट्टी. "फूटपट्टीनं लिहिलाय. आम्ही मोठ्या सिस्टरला फूटपट्टी म्हणतो, तिला सांगू नका. नववा नियम वाचा. तोंड आलेलं, जळजळतंय, दिवसातून सहा वेळा चूळ भरायची, आणि प्रत्येक वेळी पेला विसळून बेसिनच्या डाव्या कडेला घडी घातलेल्या गॉजवर पालथा. मी म्हटलं, माझा पेला माझ्या उशाशी, माझ्या टोपीखाली. दोनदा लेखी तक्रार झालीय माझी."

"आणि खारूनं दिलेलं चित्र?"

"ते काय, डोक्याशी. त्यांनी तपासायला मागितलं. म्हटलं, आधी मला न्या मग चित्र न्या."

खारूच्या आईला अचानक आठवलं. इथेही एक चित्र दिलं होतं. आजोबा ठणठणीत होते.

सहाव्या खोलीत शाळेच्या बाई होत्या. फोनवरसुद्धा त्या वर्गात बोलल्यासारख्या बोलल्या.

"मी चौदाच्या चौदा नियम पाळते. पेला गॉजवर, पालथा, डावीकडे. हात दर वेळी मोजून वीस सेकंद. आणि बक्षीस काय? सगळ्यांना कोपरानं उघडायचे नवे नळ, मला मात्र तोच जुना, फिरवायचा, आखूड. पाच आले म्हणे, सहावा येतोय. महिना उलटून गेला!"

"बाई, तो सहावा नळ आला तर परत पाठवा," चिमटाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खारूच्या आईने विचारलं, "पण का?"

"तुम्ही नवीन नळावर हात धुतलेत ना? काय व्हायचं?"

"काय व्हायचं… गाऊन पोटावर भिजायचा. मोठ्या सिस्टर ओरडल्याही होत्या, 'हात धुता की डुंबता?' मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

"तुम्हाला सगळंच तसं वाटतं," चिमटाबाई म्हणाल्या, पण या वेळी जरा हळू.

मग त्या चार नंबरच्या खिडकीशी गेल्या आणि मागे सरकल्या. खारूच्या आईला पुढे केलं.

खारू पलंगावर पाठ करून झोपली होती. टकलावरची लव उजेडात दिसत होती. आईने फोन उचलला. आतला फोन वाजला, वाजत राहिला. खारूने वळून पाहिलं, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"झोपेत आहे," आई म्हणाली.

चिमटाबाईंनी मान हलवली. दोघींनाही माहीत होतं, की ती जागी होती.

*

मोठ्या सिस्टर औषधांच्या खोलीत उभ्याच होत्या. बसून बोलणं त्यांना ठाऊक नसावं. इस्त्रीची घडी अशी, की हात कापावा.

"मी कुणावर राग म्हणून लिहिलं नाही," त्या खारूच्या आईकडे न बघता म्हणाल्या. "या वॉर्डात बावीस वर्षं झाली मला. दिवाळं निघालं तरी चालेल, घाण चालणार नाही."

"नियम तुमचेच?"

"एकूण एक."

"आणि औषधाच्या उरलेल्या पिशव्या? त्या रिकाम्या करून टाकायच्या, हेही तुम्हीच ठरवलंत?"

"हो. फरशी चिकट होत होती. ज्या खोलीतली पिशवी, त्याच खोलीच्या बेसिनमध्ये ओतायची. बाहेर आणायचीच नाही. गळती नाही, मुंग्या नाहीत. यात काय गैर आहे?"

"शिस्त उत्तम आहे," चिमटाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र कुठेतरी दुखल्यासारखा झाला होता. "घरी कोण असतं तुमच्या?"

"त्याचा काय संबंध?" सिस्टर म्हणाल्या. मग एक बाटली सरळ करत, "कुणी नाही. हाच वॉर्ड."

*

चार वाजता चिमटाबाईंनी सगळ्यांना समितीच्या खोलीऐवजी दोन नंबरमध्ये बोलावलं. पलंग नुसत्या गादीचा होता. बसचालक गेल्यावर तिथे कुणीच राहिलेलं नव्हतं. मोठे डॉक्टर, लॅबवाले, मोठ्या सिस्टर, दाराशी सफाईकाका.

"खारूची आई, रंग आहेत का तुमच्याकडे?"

तिच्या पिशवीत होते. नवीकोरी पेटी. पाच दिवसांपूर्वी खारूसाठी घेतली होती, आणि त्याच दिवशी दार बंद झालं होतं. तिने आवरण फाडलं.

चिमटाबाईंनी निळा रंग वाटीत कालवला आणि बेसिनच्या भोकात, जाळीखाली ओतला. डाव्या कडेला पांढरा कागद, त्यावर गॉजची घडी, त्यावर पेला पालथा. अगदी नवव्या नियमाप्रमाणे. मग कोपराने नळ उघडला आणि शाळेच्या बाईंसारखे वीस आकडे मोजत हात धुतले.

पाण्याची धार उंचावरून नेमकी भोकावर आदळत होती.

नळ बंद झाला. कागदावर निळे ठिपके होते. गोल गोल, लहानमोठे. आरशावर होते. चिमटाबाईंच्या पोटावर होते. आणि पेल्याची कड ज्या गॉजवर टेकली होती, तो आकाशासारखा निळा झाला होता.

"पाऊस," खारूची आई म्हणाली. "तिच्या चित्रातला पाऊस!"

"तुमचे अश्रू नव्हेत. अश्रू भिंतीवर चढत नाहीत." चिमटाबाईंनी हात पुसले. "लॅबवाले साहेब, तुम्ही येणारं पाणी तीनदा तपासलंत. जाणारं पाणी कुणी तपासलं? या जाळीखाली, वाकड्या नळीत, नेहमी थोडं पाणी साचलेलं असतं. त्यात रोज कोण काय ओततं? साखरेची सलाईन, म्हणजे जेवण. आणि उरलेलं अँटिबायोटिक, म्हणजे तालीम. मारायला पुरत नाही, पण लढायला शिकवायला पुरतं. महिनोन्महिने पैलवान पोसलाय तुम्ही तिथे."

"पण पिशव्या तर वर्षभर ओततायत," लॅबवाले म्हणाले. "आजार आत्ताच का?"

"कारण पैलवान खाली कोंडला होता. पाच खोल्यांना उंच मानेचे नळ बसले, आणि त्याला वर यायला शिडी मिळाली. दहा-बारा दिवसांत पहिला ताप."

"एक नंबरलाही नवा नळ आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "आजोबा वाचले ते कसे?"

"त्यांचा पेला उशाशी, टोपीखाली असतो. सहा नंबरच्या बाईंचा पेला बेसिनवर असतो, पण त्यांचा नळ जुना. आखूड, धार कडेला पडते, उडत नाही. नवा नळ आणि बेसिनवरचा पेला, दोन्ही जिथे एकत्र आले तिथेच माणूस पडला. दोन, तीन, चार, पाच. तोंडात औषधांमुळे जखमा, ओला पेला जखमेला लागला, आणि तिथून रक्तात. आजोबांकडे खारूचं चित्रही होतं, त्यांना काही झालं नाही. वाटलेल्यांपैकी तपासलेली तिन्ही चित्रं स्वच्छ निघाली. जंतू सापडला तो फक्त बेसिनशेजारी टांगलेल्या चित्रावर. त्या चित्रानं जंतू आणला नाही. त्या चित्रावर तो उडाला. तुम्ही साक्षीदारालाच आरोपी केलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी."

मोठ्या डॉक्टरांनी बेसिनकडे पाहिलं. याच खोलीत ते आज खारूला आणणार होते.

"दुपारी जाळीखालचा नमुना घ्यायला लावलाय मी," चिमटाबाई म्हणाल्या. "दोन दिवसांत कळेल. पण तोवर थांबू नका."

मोठ्या सिस्टर पेल्याकडे बघत होत्या. पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"म्हणजे ज्यांनी माझं ऐकलं नाही, ते वाचले," त्या म्हणाल्या. "बसचालक माझं सगळं ऐकायचे. 'सिस्टर, पेला बरोबर ठेवलाय ना?' रोज विचारायचे."

चिमटाबाईंनी तो पेला उचलून बाजूला ठेवला. "एकट्या नियमानं कुणी मेलं नसतं. एकट्या नळानंही नाही, की पिशव्या ओतण्यानंही नाही. तीन चांगल्या गोष्टी इथे भेटल्या, आणि त्यांची ओळख कुणी कुणाला करून दिली नव्हती."

सिस्टरांचं त्याने समाधान झालं नाही, आणि होणारही नव्हतं. त्या उठल्या, भिंतीवरचा चौदा नियमांचा कागद चारही कोपऱ्यांनी नीट सोडवला, आणि नववी ओळ पेनाने खोडली. मग खारूच्या आईसमोर आल्या.

"माझं चुकलं."

तिच्या तोंडावर 'असू दे हो' आलं होतं. चिमटाबाईंनी भुवई उंचावली. तिने ते मागे घेतलं. फक्त मान हलवली.

"आता जा आत," मोठे डॉक्टर म्हणाले.

*

चार नंबरचं बेसिन सफाईकाकांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोरीने बांधलं. पेला गेला, गॉज गेला. हात धुवायचे ते बाहेर, रुंद बेसिनवर. खारूच्या आईने धुतले. एकदा. पुन्हा नळाकडे हात गेला, तसा चिमटाबाईंनी तिचा गाऊन मागून बांधायला घेतला.

"पुरे. स्वच्छ आहेत."

"ते एक औषध… लागू पडेल ना हो?"

"ते मला माहीत नाही," चिमटाबाई म्हणाल्या. "मी फक्त रोज नवा जंतू मिळायचा थांबवला. पुढचं तिच्या अंगाचं काम." त्यांनी गाठ मारली. "आणि शेजारी कोण बसलंय, याचंही काम असतं थोडं."

मग पिशवी उचलून त्या जिन्याकडे निघाल्या, आपल्या एका कपाच्या घराकडे. खारूच्या आईला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पण दार उघडं होतं.

आत ताप एकशे एकावर होता. काल एकशे तीन होता.

खारूने पाहिलं. हसली नाही. पाच दिवस काचेपलीकडे राहिलेल्या आईला एका क्षणात माफ करण्याइतकी ती लहान नव्हती. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

आईने रंगाची पेटी उघडून उशाशी, भिंतीच्या बाजूला ठेवली. खुर्चीत बसली.

बराच वेळ गेला.

"निळा का वापरलास?" भिंतीकडूनच आवाज आला.

"काम होतं एक. तुझ्या चित्रातल्या पावसाचं."

खारूने यावर विचार केला. मग, वळून न बघताच, ती पलंगाच्या कडेला सरकली. सरकत सरकत एवढी, की मागे बरोबर एका माणसापुरती जागा झाली.